जाळी हलवायची नाही

दिवाळीच्या आधी बडोद्यातला, हरणीचा आई-बाबांचा फ्लॅट एकदा झाडून यावा, एवढ्याच विचाराने मी कुलूप उघडलं. आई गेल्यापासून तो बंदच आहे. बाबांना मी माझ्याकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला अकोट्याला घेऊन आले आणि मागे राहिल्या त्या आईच्या बरण्या, तिचा अडकित्ता आणि खिडकीतली वाळलेली तुळस. बंद घराला एक वास असतो. धूळ, डांबरगोळ्या आणि कुठल्याशा जुन्या फोडणीचा. मी खिडक्या उघडल्या, डोक्याला ओढणी बांधली आणि शिडी लावून माळ्यावर डोकं घातलं. सतरंज्यांच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट हाताला लागलं. कागद सोडवला आणि मी शिडीच्या वरच्या पायरीवरच बसून राहिले.

बॅडमिंटनची रॅकेट. म्हणजे रॅकेटची नुसती चौकट. तारा कधीच काढून टाकलेल्या आणि त्या जागी सुताची विणलेली, खोलगट, चहाच्या रंगाची जाळी. मूठ लांब व्हावी म्हणून तिला वेताची काठी जोडलेली, तांब्याच्या तारेने. ती तार इतकी नीट गुंडाळलेली की बघताक्षणी कळावं, हा हात वर्कशॉपमधला आहे. मी ती नाकाशी नेली. इतक्या वर्षांनी माशांचा वास कुठला यायला! पण मला आला.

ही आईची जाळी. गळ बाबांचा, जाळी आईची आणि मधल्या फळीवर मी. दर रविवारी सकाळी आमचं घर असं एका होडीत मावायचं.

तेव्हा आम्ही प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा वर्कशॉपमध्ये फिटर होते. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची, घंट्या वाजायच्या आणि मागे रस्ता एकदम रिकामा व्हायचा. संध्याकाळी बाबांच्या हातांना ग्रीसचा वास यायचा, तो साबणाने जायचा नाही आणि मला तो जाऊही नये असं वाटायचं. रविवारी भोंगा नसायचा. तरी त्या दिवशी बाबा सगळ्यात आधी उठायचे, चूळ भरताना गुणगुणायचे आणि आई स्वयंपाकघरात दोन कणका मळायची. एक पोळ्यांची. दुसरी माशांची, तिच्यात हळद आणि सढळ हाताने हिंग. एकदा घाईत कणकांची अदलाबदल झाली आणि बाबांनी निमूटपणे हिंगाच्या पोळ्या खाल्ल्या. शेवटचा घास खाऊन म्हणाले, "आता मला कळलं, बिचारे गळाला का लागतात."

पणजोबा आमचे संस्थानच्या पागेत शिलेदार होते म्हणे. बाबा त्यांचा फोटो पुसताना मिशीला पीळ दिल्यासारखं करायचे, आणि मग त्याच शिलेदाराचा नातू स्कूटरला बांबू बांधून तळहाताएवढ्या चिलाप्यांच्या शिकारीला निघायचा. पुढे मी उभी, मागे आई, आईच्या एका हातात जाळी आणि मांडीवर तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा. हा डबा महत्त्वाचा. आमचं सगळं शेजार शाकाहारी. शेजारच्या बेन रविवारी दुपारी आईला विचारायच्या, "भाभी, फरी आव्यां?" म्हणजे फिरून आलात का, आणि आई डबा पदराआड धरून म्हणायची, "हा बेन, जरा हवा खावा." बेनना सगळं ठाऊक होतं. आमच्या खिडक्या बंद होऊन उदबत्तीचा धूर यायला लागला की तळायला सुरुवात झाली, हे साऱ्या वसाहतीला कळायचं. पण विचारणारे विचारायचे आणि लपवणारे लपवायचे, त्यातच शेजारधर्म होता.

तळं शहराबाहेर, पूर्वेकडच्या एका गावाचं. रमणकाका तिथे शिंगाड्याची शेती करायचे. तळ्यावर शिंगाड्याच्या वेली हिरव्या सतरंजीसारख्या पसरलेल्या, त्यात बारीक पांढरी फुलं आणि मध्ये मध्ये खिडक्यांएवढी मोकळी पाण्याची जागा. या मोकळ्या जागांच्या कडेला, वेलींच्या सावलीत मासे असायचे. शिंगाडे तोडायची काकांची छोटी लाकडी होडी रविवारी आम्हाला मिळायची. काठावरून गळ टाकायची सोय नव्हती. बडोद्यात वाढलेल्या कुणालाही पाणी दिसलं की आधी मगर आठवते, आणि त्या तळ्यात एक होतीच असं काका शपथेवर सांगायचे. मी कधी ती पाहिली नाही. पण आपणहून होडीबाहेर बोटसुद्धा काढलं नाही.

बाबांचा गळ म्हणजे एक बांबू, त्यावरून गेलेला नायलॉनचा तंगूस आणि तो गुंडाळलेला उत्तरायणाच्या फिरकीवर. बाजारात रीळ मिळत नव्हतं असं नाही. पण घरात पतंगाची फिरकी असताना रीळ कोण आणणार, हा बाबांचा सवाल. ती फिरकी धरायचं काम माझं. पाण्यावर मोरपिसाच्या देठाचा तुकडा तरंगायचा. तो दोनदा नाचायचा, मग आडवा व्हायचा, मग गप्पकन बुडायचा, आणि माझ्या मांडीवरची फिरकी जिवंत झाल्यासारखी थरथरायची. तो थरथराट अजून माझ्या तळव्यांत आहे.

मासा गळाला लागणं हे काहीच नाही. कुणालाही लागतो. तो पाण्यातून होडीत येईपर्यंतचं जे हातभर अंतर आहे ना, सगळं नशीब तिथे. चिलापीचा ओठ इतका नाजूक की उचलायला गेलं की फाटतो. सैल सोडलं की ती वेलींत शिरते आणि काट्यांत तंगूस अडकवून निघून जाते. बाबा बांबू खाली, पाण्याला जवळजवळ टेकवून धरायचे आणि तिला मोकळ्या पाण्यात फिरवत ठेवायचे, ती दमून कुशीवर होईपर्यंत. आणि आई? आई काहीच करायची नाही. गळ पडताक्षणी तिची जाळी पाण्याखाली जायची, कोपरापर्यंत हात ओला, आणि तिथेच राहायची. मासा उसळला, होडी डुलली, बाबा ओरडले, "अगं घे ना, घे!" तरी जाळी हलायची नाही. बाबा मासा हळूहळू वळवून, डोकं पुढे करून, जाळीच्या वर आणायचे. मग आई हात नुसता वर उचलायची. देवापुढचं ताम्हन उचलावं तसा, न डचमळता.

"मासा जाळीत येतो," ती मला सांगायची, "जाळी माशावर जायची नाही. जाळी घेऊन मागे धावलीस की त्याला कळतं, आपल्याला धरायला आलेत. मग कसला थांबतोय?"

"पण तो आलाच नाही तर?"

"तर नाही आला. जाळी हलवायची नाही."

यानंतरची तिची दुसरी अट फारच कडक. मासा डब्यात पडून झाकण दाबून बसेपर्यंत होडीत कुणी तोंड उघडायचं नाही. 'आला' म्हणायचं नाही, 'मिळाला' म्हणायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसलं आपल्याकडे नको," म्हणायची. ओल्या हाताने डोक्याकडून मागे कुरवाळत ती पाठीवरचे काटे मिटवायची, गळ सोडवायची, मासा डब्यात सोडायची आणि तळव्याने झाकण दाबायची. टप्प. मग दोन शब्द, "झाला आपला." त्यानंतर आम्ही काय वाटेल तो आरडाओरडा करायला मोकळे.

मी पहिल्यांदा गळ धरला तेव्हाची गोष्ट आमच्या घरात कितीदा तरी सांगून झाली आहे. बडोद्याच्या मुलीच्या हातात दोर आला आणि पलीकडून ओढ लागली तर ती काय करणार? गच्चीवर जे शिकली तेच. पिसाचा देठ बुडाला, हाताला झटका बसला आणि मी बांबू टाकून तंगूस धरला आणि सपासप अशी खेंच मारली की चिलापी पाण्यातून थेट हवेत आली. उन्हात चमकली. मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "काप्यो छे!" आणि ती ओठ फाडून घेऊन होडीपलीकडे पाण्यात पडली, डुबुक. काठावरून रमणकाकांचा आवाज आला, पतंग गेलेल्याला गच्चीवरून चिडवतात तसा, "ए लपेट, बेन, लपेट!" बाबा इतके हसले की होडीत पाणी आलं. मी रडायच्या बेतात. आईने माझे तंगुसाने कापलेले तळवे पाण्यात बुडवून धरले. म्हणाली, "अगं, पतंग कापायचा असतो. मासा आणायचा असतो."

उत्तरायणालाही ती अशीच मागे असायची. क्वार्टरच्या गच्चीवर बाबा पतंग उडवायचे आणि आई मागे फिरकी धरून उभी. उसाची कांडकी, तिळाची चिक्की, उंधियूचा वास, कुणाच्या तरी रेडिओवरची गाणी, आणि संध्याकाळी मांज्याने चिरलेल्या बोटांवर हळद. बाबांचा हात जन्माचा खेंच मारणारा. पेच लागला की धीर सुटायचा. आई मागून शांतपणे म्हणायची, "ढील द्या अहो, ढील." ते द्यायचे नाहीत, पतंग जायचा आणि मग दोघं मिळून तुटलेला दोर गुंडाळत बसायची. मी बापावर गेले आहे, असं सगळे म्हणतात. नाकाने आणि खेंचीने.

आई आदल्या वर्षीच्या श्रावणात गेली. त्याच्या आधीचे ते दिवस मी इथे मांडत नाही. एवढंच सांगते की बाबा त्या दिवसांत एका जागी बसलेले मला आठवत नाहीत. फाइल हातात, चष्मा कपाळावर, या मजल्यावरून त्या मजल्यावर, या डॉक्टरांकडून त्या डॉक्टरांकडे. आणि ती गेल्यावर ते जे बसले ते उठलेच नाहीत. माझ्या बाल्कनीतल्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून. तब्येतीला काही नव्हतं. विचारलं तर उत्तर द्यायचे, वाढलं तर अर्धं जेवायचे. मी मासे आणून आईच्या पद्धतीने तळले तेव्हा ताट बाजूला सारून म्हणाले, "नको. काटे असतात." ज्या माणसाने जन्मभर माशाचं डोकं चोखून ताटात कंगवा ठेवावा तसा सांगाडा ठेवला, तो काट्यांना भ्यायला लागला होता. उत्तरायणाला सगळी सोसायटी गच्चीवर आणि ते खाली, खिडक्या लावून.

मला भीती वाटत होती. स्पष्टच सांगते. आई गेली ती गेली, पण बाबा रोज थोडे थोडे आमच्या हातून सुटत होते आणि मला ते दिसत होतं.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे वागले. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात नाव घातलं. ते एकदा गेले. सकाळी कमाटीबागेत फिरायला न्यायला लागले, तर त्यांचे गुडघे दुखायला लागले. नवा मोबाइल आणला, त्यात जुनी नाट्यगीतं भरून दिली. तो बंद करून उशाशी ठेवला. मी जितकी त्यांच्या मागे जाई तितके ते खुर्चीत आत आत जात. सुधीर, माझा नवरा, फार बोलत नाही. तो एकदाच म्हणाला, "तू दमवतेयस त्यांना." मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

तर त्या दिवशी हरणीहून जाळी घेऊन मी घरी आले ती अक्षरशः धावत. जिन्यातच हाक मारणार होते, "बाबा, बघा काय सापडलं!" दारातून पाहिलं तर ते खुर्चीत, पाठ माझ्याकडे. चाहूल लागली तशी ती पाठ किंचित ताठ झाली. ही आली, आता काहीतरी घेऊन आली असेल, अशी. मला ती पाठ ओळखीची वाटली. पाण्याखाली जाळी हलली की मासा असाच एक क्षण थबकतो आणि मग पळतो.

मी हाक गिळली. दाराशी छत्र्या अडकवायचा खिळा आहे, त्यावर जाळी टांगली आणि आत जाऊन बेसन भाजायला घेतलं.

दिवाळी गेली. फराळ झाला, पाहुणे झाले. जाळीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, आणि ते माझ्यासारखीला किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. भाऊबीजेला कुणीतरी विचारलं, "हे काय गं रॅकेटचं?" तर मी "असंच" म्हटलं. बाबा येता-जाता बघतात की नाही, तेही मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराआडून बघायची.

एक दिवस जाळी उलटी टांगलेली दिसली. मग एका सकाळी वेताच्या काठीवरची सैल झालेली तार पुन्हा आवळलेली, टोक आत मुडपलेलं. आणि त्यानंतर एका संध्याकाळी मोरीत बादली, बादलीत पाणी आणि पाण्यात जाळी. सुकलेलं सूत ताण आला की तुटतं, म्हणून आई आदल्या दिवशी ती भिजत घालायची. मी मोरीचं दार हळूच लोटून घेतलं आणि ओट्याशी उभी राहून पदराने डोळे पुसले.

बाबा मागे येऊन उभे होते. म्हणाले, "रमण आहे का गं अजून?"

"ठाऊक नाही बाबा."

"बघून येऊ उद्या," ते म्हणाले. "कणीक मळशील?"

माझ्या स्कूटरवर आता बाबा मागे बसले. रात्रीच तंगूस बांधलेला बांबू आडवा, पायाशी तुपाचा डबा, जाळी त्यांच्या हातात. रस्ता मला ओळखू येईना. जिथे कपाशी होती तिथे सोसायट्या, त्यांची नावं सोनेरी अक्षरांत, पुढे कारंजी. तळंसुद्धा आक्रसलेलं, एका बाजूने दगड बसवलेले, फिरायला फरशी. पण दुसऱ्या बाजूला शिंगाड्याच्या वेली होत्या आणि वेलींचा तो ओला, हिरवा, जरासा कुजका वासही होता. तो नाकात गेला आणि माझ्या हातात पुन्हा फिरकी थरथरली.

रमणकाका होते. केस पांढरे, पाठ वाकलेली, शेती आता मुलगा बघतो. बाबांना ओळखल्यावर त्यांनी दोन्ही हात धरले. "आवो आवो साहेब! बहु वरसे! अने भाभी? भाभी क्यां?"

मी पुढे होणार होते. बाबांनीच सांगितलं. "ए हवे नथी, रमणभाई."

ती आता नाही, हे वाक्य त्यांनी तोवर कुणालाही स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं नव्हतं. काका झोपडीत गेले, एक पोतं घेऊन आले, झटकलं, चौघडी केली आणि होडीच्या पुढच्या टोकाच्या फळीवर अंथरलं. सवयीने. तिथे आई बसायची आणि तिला फळी टोचू नये म्हणून ते दर रविवारी असंच पोतं घालायचे. घालून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, काय केलं ते. ते तसेच वाकून उभे राहिले.

बाबा त्या पोत्याकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. आता म्हणतील, चल घरी. माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली, समजुतीची, धीराची, चला ना बाबाची. एकेक गिळली.

ते होडीत चढले. मागची, गळवाल्याची जागा ओलांडली, हळूहळू, कडा धरत पुढे गेले आणि आईच्या जागेवर बसले. जाळी मांडीवर घेतली. बांबू माझ्याकडे केला. "गळ तू धर."

"बाबा, मला कुठे येतं?"

"मला तरी कुठे जाळी धरता येते? बस."

काकांच्या मुलाने वल्ह्याने ढकलून दिलं. मोकळ्या पाण्याच्या एका खिडकीशी मी गळ टाकला आणि बाबांनी जाळी पाण्याखाली नेली. ऊन कोवळं होतं. पाणकोंबड्या वेलींवरून चालत होत्या. कितीतरी वेळ काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणंही मला पुरत होतं. मग देठ नाचला, आडवा झाला, बुडाला. मी बांबू खाली धरून ठेवला, दातांखाली ओठ धरला, पण खेंच मारली नाही. चिलापीला गोल फिरवून जवळ आणली. ती होडीशी आली आणि बाबांचा हात सुटला. जाळी तिच्या मागे गेली, एकदा, दोनदा, पाणी ढवळलं, चिलापीने शेपटी मारली आणि गळ मोकळा झाला.

बाबा ओल्या बाहीने बसून राहिले. "हलली," म्हणाले. "माझ्याच्याने हलली."

मी कणकेची दुसरी गोळी लावली.

दुसऱ्या वेळी त्यांनी वेताची काठी गुडघ्याला टेकवली आणि दुसऱ्या हाताने तो हात दाबून धरला. डोळे पाण्यावर. मासा दमदार होता, दोनदा वेलींकडे धावला. "ढील," ते अगदी हळू म्हणाले. "ढील दे पोरी. मी इथेच आहे." आवाज बाबांचा, वाक्य आईचं. माझ्या डोळ्यांपुढे पाणी पसरलं आणि त्यातूनच मी तो मासा वळवला, डोकं पुढे केलं, आणला. जाळी हलली नाही. तो तिच्यावर आला आणि बाबांनी हात वर उचलला.

कुणी बोललं नाही. त्यांनी बोटं भिजवली, डोक्याकडून काटे मिटवले, गळ सोडवला. चिलापी तळहाताएवढीच होती, मानेपाशी जांभळट. डब्यात पडली. झाकण दाबलं. टप्प.

आता ते दोन शब्द येतील म्हणून मी वाट बघत होते. ते आले नाहीत. बाबांचा तळवा झाकणावरच होता.

"ती म्हणायची, अहो, बसा ना जरा," ते म्हणाले. "हॉस्पिटलात. मी म्हणायचो, आलोच. रिपोर्ट घेऊन आलोच. औषध घेऊन आलोच. ती पलंगाच्या कडेला हात ठेवायची, इथे बसा म्हणून. शेवटपर्यंत मी नुसता धावलो गं तिच्या मागे. बसलो नाही."

मला सगळं सांगायचं होतं. की तुम्ही धावलात म्हणूनच ती इतके दिवस होती, की तिला कळत होतं, की तुमचं काही चुकलं नाही. सगळं खरं होतं आणि सगळी खेंच होती. मी बांबू मांडीवर ठेवला. होडी आपोआप थोडी वळली. डब्यात मासा एकदा आपटला.

बाबा पोत्यावर हात फिरवत म्हणाले, "आज बसलो बघ."

मग त्यांनी जाळी पुन्हा पाण्यात घातली.

संध्याकाळी मी खिडक्या लावल्या, उदबत्ती पेटवली. आता आमच्या सोसायटीत कोण काय खातं याची कुणाला फारशी फिकीर नाही, पण तळायचं म्हणजे उदबत्ती हवीच, हात आपोआप जातो. आलं-लसूण, लिंबू, तिखट, वरून रवा. तेलात चिलापी सोडली आणि तो आवाज घरभर झाला. बाबा हाक मारायच्या आधीच पाटावर येऊन बसले होते. पहिला घास त्यांनी उजेडाकडे धरून बघितला, काटा काढला आणि तोंडात घातला. मी आणि सुधीर आपापल्या ताटात बघत होतो. मग दुसरा घास. मग ते डोकं चोखायला लागले, पूर्वीसारखं, आवाज करत, आणि ताटाच्या कडेला एकेक काटा शिस्तीत मांडत.

"हिंग कमी होता कणकेत," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी जरा सढळ घाल."

सुधीरने ताटावरून मान वर केली. त्याचे डोळे चमकत होते. बाबांना दिसणार नाही अशा बेताने तो माझ्याकडे वळला आणि नुसते ओठ हलवून म्हणायला लागला, "आले गं, आले बा..."

मी पटकन तोंडावर बोट ठेवलं. झाकण अजून लागायचं होतं.